नांगर न लागलेल्या भुईचा गवई
(द्वितीय वर्ष, कला)

भाषाशास्त्र शिकताना फेर्दिनां द सोस्यूर हे नाव आपणा सर्वांच्या कानावर पडते. चिन्ह, चिन्हक आणि चिन्हित ही त्रिपुटी आपण पाठ करतो. त्यांचे निधन १९१३ साली झाले आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून तयार केलेले त्यांचे पुस्तक १९१६ साली निघाले, एवढेही आपल्याला ठाऊक असते. परीक्षेपुरते तेवढे पुरते. पण या थोर भाषापंडिताचे वडील कोण होते, हे पाहण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही.

आंरी द सोस्यूर हे जिनिव्हाचे कीटकशास्त्रज्ञ. गांधीलमाश्या, टोळ, नाकतोडे, रातकिडे यांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले. तरुणपणी ते मेक्सिकोपर्यंत जाऊन आले होते. १८७४ साली त्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या रातकिड्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘ग्रिलोटाल्पा मेजर’. त्या वेळी मुलगा फेर्दिनां अवघा सोळा-सतरा वर्षांचा होता. वडील किड्यांना नावे देत होते आणि मुलगा पुढे नाव म्हणजे काय, याचाच विचार करणार होता!

प्रस्तुत लेख मुलाविषयी नसून वडिलांनी नाव दिलेल्या त्या किड्याविषयी आहे. “बी. ए.च्या मुलीने किड्यावर लेख का लिहावा?” असे काही मैत्रिणींनी विचारले. त्याचे एक उत्तर वर आलेच आहे. दुसरे उत्तर असे की, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पुस्तकातली पुष्कळशी माहिती मला नवी वाटते. पण माती, गवत आणि किडे यांची ओळख मी घरूनच घेऊन आले आहे. रात्रीच्या विजेवर दारं धरायला मी वडिलांबरोबर अनेकदा गेले आहे. वाफ्यात पाणी शिरले की भिजल्या भुईतून खणणारे रातकिडे वर येतात आणि पुढच्या पायांनी पाणी सारत बांधाकडे निघतात. सोस्यूरांचा किडा याच कुळातला. फरक एवढाच की, आमच्या शेतातला किडा देशात पुष्कळ ठिकाणी आढळतो, तर हा जगात फक्त एकाच मुलुखात राहतो. त्या एका फरकातून केवढा प्रश्न उभा राहतो, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

नाव आणि रूप

‘ग्रिलोटाल्पा’ हा शब्द दोन लॅटिन शब्दांचा जोड आहे. ‘ग्रिलस’ म्हणजे रातकिडा आणि ‘टाल्पा’ म्हणजे युरोपात जमिनीखाली बोगदे करून राहणारा, दिसायला चिचुंद्रीसारखा एक लहान प्राणी. ‘मेजर’ म्हणजे थोरला. इंग्रजीतही त्याचे नाव याच धर्तीवर असून त्याच्या मागे ‘प्रेअरी’ हा शब्द लागतो. प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदाने. मराठीत त्याला आपण प्रेअरीतला खणणारा रातकिडा म्हणू.

हा किडा सुमारे पाच सेंटिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ बोटाएवढा असतो. उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठ्या रातकिड्यांत त्याची गणना होते. रंग मातकट, अंगावर बारीक लव. त्याचे पुढचे पाय पाहण्यासारखे असतात. ते आखूड, रुंद आणि दातेरी असून जणू देवाने त्याला जन्मतःच दोन खोरी दिली आहेत. याच पायांवर त्याचे कानही असतात. कान पायावर असणे आपल्याला विचित्र वाटेल. परंतु बहुतेक रातकिड्यांची रचना अशी असते. जे पाय खणतात, तेच ऐकतात.

त्याचा मुलूख म्हणजे अमेरिकेतील ओक्लाहोमा, कॅन्सस, मिसूरी आणि अर्कान्सॉ या चार राज्यांतील उंच गवताचे शिल्लक राहिलेले तुकडे. चार राज्ये म्हटली की प्रदेश फार मोठा वाटतो. पण त्या राज्यांतील शेतांत, गावांत किंवा जंगलांत तो राहत नाही. जी जमीन कधी नांगरलीच नाही, अशा मूळच्या गवताळ भुईत तो मुख्यतः राहतो. नकाशावरचा प्रदेश विस्तीर्ण असला तरी प्रत्यक्षातले घर मात्र ठिगळांचे आहे.

बिळाचे वाद्य

रातकिड्यांत गातो तो नर. त्याच्या पुढच्या पंखावर कानशीसारखी दातेरी शीर असते आणि दुसऱ्या पंखाची कडा तिच्यावर घासली की आवाज निघतो. हे आपण शाळेत शिकलो आहोत. बहुतेक रातकिडे गवतात, दगडाखाली किंवा भिंतीच्या फटीत बसून गातात. खणणारा रातकिडा मात्र गाण्यासाठी खास बीळ करतो.

आमच्या गावच्या देवळावर कर्णा बसवलेला आहे. काकडआरती मळ्यापर्यंत ऐकू येते ती त्या कर्ण्यामुळे. आवाज निघतो तिथे तोंड अरुंद असते आणि बाहेर येताना ते रुंद होत जाते. त्यामुळे लहान आवाजालाही मोठे बळ मिळते. खणणाऱ्या रातकिड्याचे बीळ याच तत्त्वावर बेतलेले असते. भुईच्या पृष्ठभागाशी रुंद तोंड, आत निमुळता होत गेलेला गळा आणि त्याच्याही आत फुगीर पोकळी. नर डोके आत आणि शेपूट तोंडाकडे करून गळ्याशी उभा राहतो आणि पंख घासू लागतो. त्याचे सबंध बीळच वाद्य होते.

हेन्री बेनेट-क्लार्क या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७० साली या वाद्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा किडा फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचा होता. त्याच्या बिळाला दोन कर्णे असतात आणि शांत रात्री त्याचा आवाज माणसाला सुमारे सहाशे मीटरवरूनही ऐकू येतो. बोटाएवढ्या जिवाचा हा आवाज! प्रेअरीतल्या आपल्या किड्याच्या बिळाला कर्णा एकच असतो. द्राक्षमळ्यातला किडा अखंड सूर लावतो, तर प्रेअरीतला किडा तुटक, एकामागून एक हाका देतो. त्याच्या स्वराची पट्टी सेकंदाला सुमारे दोन हजार कंपनांची, म्हणजे रातकिड्यांच्या मानाने खालची आहे.

गाण्याचा हंगाम वसंताचा, मुख्यत्वे एप्रिल आणि मे. वेळ सूर्यास्ताची. साधारण तासाभरात मैफल आटोपते. वर्षातून एवढेच काही आठवडे आणि त्यातही रोज एवढाच वेळ हा किडा आपण असल्याचे जगाला कळवतो. एरवी तो भुईत असतो आणि वरून चालणाऱ्या माणसाला त्याचा मागमूसही लागत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिला फार महत्त्व येणार आहे.

एकट्याचे गाणे नव्हे

हा किडा एकटा दूर बसून गात नाही. अनेक नर एका ठिकाणी, थोड्या थोड्या अंतरावर बिळे करून एकाच वेळी गातात. माद्या वरून उडत येतात, त्यांतील एखाद्याची निवड करतात आणि त्याच्या बिळाजवळ उतरतात. नरांनी असे एकत्र जमून आपले गुण दाखवायचे आणि मादीने निवड करायची, ही रीत पक्ष्यांत अधिक परिचित आहे. त्याच प्रेअरीवर रानकोंबड्यांच्या जातीचे पक्षी वसंतातल्या पहाटे असाच मेळा भरवतात. एकाच माळावर पहाटे पक्ष्यांचा मेळा आणि सांजवेळी किड्यांचा!

टल्सा विद्यापीठाच्या पेगी हिल यांनी या किड्याच्या अभ्यासाला अनेक वर्षे वाहून घेतले. हे नरांचे मेळेच आहेत, असे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. परंतु त्यांचा दुसरा शोध मला अधिक मोलाचा वाटतो. नर गातो तेव्हा त्याच्या गाण्याचे दोन भाग होतात. एक हवेतून जातो. तो आपल्याला ऐकू येतो आणि उडणाऱ्या मादीलाही. दुसरा भाग मातीतून कंपाच्या रूपाने शेजाऱ्यांकडे जातो. हिल आणि त्यांचे सहकारी जॉन शॅडली यांनी उपकरणांनी तसेच कंप जमिनीतून पाठवून पाहिले, तेव्हा शेजारच्या नरांनी त्यांना प्रतिसाद दिला. म्हणजे एकाच हाकेतून एक संदेश आकाशात जातो आणि दुसरा भुईत.

येथे मला पुन्हा सोस्यूर आठवतात; वडील नव्हेत, मुलगा. चिन्हाला अर्थ येतो तो इतर चिन्हांशी असलेल्या त्याच्या नात्यामुळे, असे त्यांनी सांगितले. किड्याची हाक म्हणजे माणसाची भाषा नव्हे, याची मला जाणीव आहे आणि तुलना ताणण्याचा माझा हेतू नाही. तरीही एवढे खरे की, एका नराच्या हाकेचे मोल शेजारच्या हाका कशा आहेत, यावर ठरते. मादीला निवड करायची तर निवडण्याजोगे अनेक हवेत. शेजार नाही, तर हाक आहे पण तिला अर्थ नाही. म्हणून दोन-चार किडे कुठे तरी जगले की जात वाचली, असे म्हणता येत नाही. सबंध मेळा भरेल एवढी सलग भुई शिल्लक असावी लागते.

ती भुई गेली कुठे?

एके काळी उत्तर अमेरिकेत उंच गवताच्या प्रेअरीखाली सुमारे सतरा कोटी एकर जमीन होती. या गवतांपैकी काही माणसाहून उंच वाढतात आणि त्यांची मुळे जमिनीत दोन-तीन मीटर खोल जातात. हजारो वर्षे ही मुळे कुजून तिथली माती काळी आणि कसदार झाली. गवताचे हे वैभवच त्याच्या मुळावर आले.

प्रारंभी वसाहतवाल्यांना ही जमीन नांगरणे कठीण जात होते. चिकट काळी माती ओतीव लोखंडाच्या नांगराला धरून बसे आणि पावलापावलावर थांबून ती खरवडावी लागे. आपल्याकडच्या काळ्या रानाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. १८३७ साली इलिनॉयमधील जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर तयार केला. त्याला माती चिकटेना. पुढे १८६२ साली अमेरिकन सरकारने कायदा करून जो कसेल त्याला १६० एकर जमीन देऊ केली. गोरगरीब माणसे पोटासाठी तिथे गेली, राबली आणि त्यांनी गवताच्या जागी मका आणि गहू उभा केला. त्यांच्या कष्टांना मी नावे ठेवू इच्छित नाही. मी स्वतः शेतकऱ्याची मुलगी आहे. पण हिशोब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. आज त्या सतरा कोटी एकरांपैकी चार टक्क्यांहूनही कमी प्रेअरी उरली आहे.

उरली ती कुठे? जिथे नांगर चालला नाही तिथे. कॅन्ससमधील फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांवर मातीचा थर पातळ असून त्यात गारगोटीचे दगड आहेत. याच टेकड्या दक्षिणेकडे ओक्लाहोमात उतरतात आणि तिथे त्यांना ओसेज हे नाव मिळते. ओसेज ही मूळच्या अमेरिकन रहिवाशांची एक जमात. १८७०च्या दशकाच्या आरंभी कॅन्ससमधील त्यांची जमीन गेली, तेव्हा त्यांनी हा खडकाळ मुलूख विकत घेतला. जिथे नांगर चालत नाही तिथे गोरे शेतकरी आपल्या मागे येणार नाहीत, असा त्यांच्या पुढाऱ्यांचा विचार होता. पुढे त्याच भुईखाली खनिज तेल निघाले आणि माणसे त्यांच्या मागे आलीच, हा इतिहास निराळा आहे. पण नांगरापुरता त्यांचा हिशोब खरा ठरला. आज उंच गवताच्या प्रेअरीचा मोठा भाग याच दगडाळ टेकड्यांवर टिकून आहे. शेतकऱ्याने नापीक म्हणून सोडलेल्या दगडाने एका किड्याचे घर राखले.

आवाजावरून लागलेला पत्ता

१८७४ नंतर शंभर वर्षे हा किडा फारसा कोणाच्या डोळ्यांपुढे आला नाही. संग्रहालयांत टाचणीला लावलेले थोडे नमुने होते. गवत तर झपाट्याने चालले होते. १९८०च्या दशकात त्याला संरक्षण द्यावे काय, असा प्रश्न पुढे आला, तेव्हा मुळात तो आहे कुठे, हेच आधी शोधणे भाग होते.

भुईत राहणारा किडा शोधायचा कसा? खणून शोधावा तर घर मोडते. दिवसा पाहावा तर दिसत नाही. उपाय एकच होता, तो म्हणजे कान. १९९० साली मिसूरीचे डेनिस फिग आणि फ्लोरिडाचे थॉमस वॉकर यांनी या किड्याच्या गाण्याचे आणि बिळाचे वर्णन प्रसिद्ध केले. हाक कशी ओळखायची, हे कळल्यावर वसंतातल्या सांजवेळी जुन्या कुरणांच्या कडेने थांबून ऐकणे एवढेच काम उरले. ओक्लाहोमातील अशा जागांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. अशा पाहण्यांतून किडा नामशेष झालेला नसून अनेक ठिकाणी तग धरून आहे, हे सिद्ध झाले. मात्र तो जिथे ऐकू आला, त्या जागा बहुतांशी मूळच्या प्रेअरीच्याच होत्या. कित्येक तर शेतकऱ्यांनी वैरणीसाठी राखलेली जुनी कुरणे होती. गवत दरवर्षी कापले जाई, पण भुई कधी उलथली गेली नव्हती.

तरीही धोका टळला, असे म्हणता येणार नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने १९९६ साली या किड्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली. ठिगळे एकमेकांपासून दूर आहेत आणि एक ठिगळ नांगरले गेले तर तिथला मेळा दुसरीकडे जाऊन भरेल, याची शाश्वती नाही.

राखणे म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते की, निसर्ग राखायचा म्हणजे कुंपण घालायचे आणि आत कोणी शिरू द्यायचे नाही. या किड्याची गोष्ट तसे सांगत नाही.

ओक्लाहोमातील ओसेज परगण्यात १९८९ साली एका खाजगी संस्थेने मोठे कुरण विकत घेऊन प्रेअरीचे राखीव क्षेत्र स्थापन केले. आज त्याचा विस्तार सुमारे ३९,००० एकर आहे. १९९३ साली तिथे सुमारे तीनशे बायसन सोडण्यात आले. बायसन म्हणजे आपल्या गव्यासारखे दणकट, पण अंगावर दाट केस असलेले रानगुरू. या क्षेत्रात दरवर्षी गवताचे काही पट्टे मुद्दाम जाळतात. पूर्वी वीज पडून आणि मूळच्या रहिवाशांनी लावलेल्या वणव्यांमुळे हे गवत जळतच असे. आगीने वरचे वाळलेले गवत जाते, झुडपे दबतात आणि जमिनीतल्या मुळांतून नवे कोंब येतात.

डॅनियल हॉवर्ड आणि पेगी हिल यांनी याच क्षेत्रात नरांचे मेळे कुठे भरतात, ते पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, नर नुकत्याच जळलेल्या पट्ट्यांकडे ओढ घेतात आणि ही जात आगीवर अवलंबून असल्याची चिन्हे दिसतात. विचार केला तर यात नवल नाही. कर्ण्याच्या तोंडावर गवताचा पेंढा असेल तर आवाज दूर कसा जाणार? वरून उडणाऱ्या मादीलाही उघडी भुई सोयीची.

म्हणजे या किड्याला विळा चालतो, गुरे चालतात, आगही चालते. चालत नाही तो नांगर. गवत कापले तर पुन्हा येते, जळले तरी पुन्हा येते. पण मुळांसकट उलथलेली भुई पूर्ववत व्हायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. वापर आणि नाश यांत फरक आहे, हे मला या किड्यापासून शिकायला मिळाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक खणणारा रातकिडा जपलाच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. आमच्या वाफ्यातला किडा कोवळ्या रोपांच्या मुळ्या कुरतडतो आणि भाजीपाला करणाऱ्याचे खरेच नुकसान करतो. अमेरिकेतही सुमारे १९०० सालापासून दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या कुळातील काही जातींनी फ्लोरिडा आणि आसपासच्या राज्यांतील कुरणांत आणि हिरवळींत उच्छाद मांडला. त्या जाती कुठेही जगतात, नांगरलेल्या भुईतही. सोस्यूरांच्या किड्याला तेवढे जमत नाही. एकाच कुळातला एक सगळीकडे पसरतो म्हणून दुसराही पसरेल, असे समजणे चूक आहे. म्हणूनच नाव नेमके असावे लागते. ‘किडा’ म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजले, तर ज्याचे घर एकच आहे तो कधी गेला, हेही कळणार नाही.

आपल्या माळाविषयी थोडेसे

प्रेअरी सातासमुद्रापार आहे. परंतु गवताळ भुई आपल्याकडेही आहे. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, सांगली या जिल्ह्यांचे पर्जन्यछायेतले भाग आठवावेत. कमी पाऊस, मुरमाड जमीन, मधूनच बोरी-बाभळी आणि बाकी कुसळीचे गवत. आपण त्याला माळ म्हणतो. सोलापूरजवळच्या नान्नजसह काही माळरानांचे माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. माळढोकाचा नरसुद्धा उघड्या माळावर गळ्याची पिशवी फुगवून मादीला साद घालतो. आज महाराष्ट्रात माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे. तिकडचा किडा काय आणि इकडचा पक्षी काय, साद घालायला उघडी भुई दोघांनाही लागते.

अशा भुईला आपल्या बोलण्यात आणि कागदावर एकच शब्द मिळतो, ‘पडीक’. देशातील पडीक जमिनींचे जे नकाशे २००० साली शासनाने प्रसिद्ध केले, त्यांत झुडपी रानाला आणि खालावलेल्या चराऊ जमिनींना पडीकच म्हटले आहे. आमच्या गावच्या गायरानावर आजही आमच्या शेळ्या चरतात, धनगरांची मेंढरे उतरतात, आई आणि चुलती तिथूनच केरसुणीचे गवत आणतात. ज्या जमिनीवर एवढ्यांचे चालते, ती पडीक कशी? पण शब्द एकदा चिकटला की पुढचे सोपे होते. पडीक आहे, मग नांगरा. पडीक आहे, मग खड्डे घ्या आणि झाडे लावा. झाडे लावणे हे पुण्यकर्मच; मात्र गवताच्या जागी झाड लावले, तर गवतातल्या जिवांच्या दृष्टीने तोही नांगरच.

भाषेच्या विद्यार्थ्यांचे काम इथे सुरू होते, असे मला वाटते. शब्दाचा आणि वस्तूचा संबंध निसर्गाने ठरवून दिलेला नसून माणसांनी मानलेला असतो, असे धाकट्या सोस्यूरांनी शिकवले. मग जो शब्द माणसांनीच मानला, तो माणसांना बदलताही येतो. ‘पडीक’ऐवजी ‘गवताची जमीन’ म्हटले, तर निदान तिथे काही आहे एवढे तरी कबूल केल्यासारखे होईल. आमच्या आजीला माळावरच्या गवतांची जितकी नावे येतात, तितकी मला येत नाहीत. आणि माझ्या धाकट्या भावाला तर त्याहूनही कमी. नाव गेले की गवत गेल्याचे दुःखही होत नाही.

कॉलेजातील आपण बहुतेक जण खेड्यांतून आलो आहोत. सुटीत घरी गेल्यावर एक साधा अभ्यास सगळ्यांना करता येईल. त्याला दुर्बीण नको, प्रयोगशाळा नको. पाऊस सुरू झाल्यावर किंवा दिवाळीच्या सुटीत, दिवस मावळताना गायरानाच्या कडेला अर्धा तास उभे राहावे. कोणकोणते आवाज येतात, कोणता तुटक आहे आणि कोणता अखंड, तो गवतातून येतो की भुईतून, किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता थांबला, हे वहीत टिपून ठेवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या किड्याचे आणि त्या गवताचे नाव विचारावे आणि तेही शेजारी लिहावे. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा ऐकावे. मिसूरी आणि ओक्लाहोमात शास्त्रज्ञांनी सुरुवात केली ती याच रीतीने, कुरणाच्या कडेला उभे राहून.

अशा वह्या चार-पाच गावांतून जमा झाल्या, तर प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्या तपासून द्याव्यात आणि मराठी विभागाने त्यांतील नावांचा संग्रह करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. एखाद्या माळावर कोण राहते, हे लिहिलेले असेल, तर उद्या त्याला पडीक म्हणणाऱ्यापुढे ठेवायला निदान एक कागद तरी आपल्या हातात असेल.